धर्माच्या सर्व्हरचेही दात मोजा

पतसंस्था असो, शिक्षण संस्था असो की तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय, मासिक सभेत सर्व्हरचा विषय आला की टेबलावर तीन कोटेशने येतात. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, यूपीएस, बसवण्याचा खर्च, सगळे ओळीने मांडलेले असते. ऑपरेटिंग सिस्टिमची ओळ मात्र बहुतेक वेळा नसतेच. असली तर ‘ओएससह’ एवढे लिहून दराचा रकाना कोरा सोडलेला असतो. सभासद रॅमवर घासाघीस करतात, यूपीएसची बॅटरी किती वेळ चालेल ते विचारतात, सर्वांत कमी दराच्या कोटेशनला सूचक-अनुमोदक मिळतात आणि विषय संपतो. कोऱ्या रकान्याबद्दल कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की नंदुरबार जिल्ह्यातल्या छोट्या संस्थेने बाकीचे रकाने कॉम्प्युटरवाल्यावर सोपवावेत आणि सभेचा वेळ या एका कोऱ्या रकान्यावर घालवावा. तिथे दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. ही ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होत राहणार, आणि तोवर ती सांभाळणारा माणूस कोण? विंडोज की लिनक्स हा वाद त्यानंतरचा. या दोन प्रश्नांना खरी उत्तरे मिळाली तर तो वाद बराचसा आपोआप मिटतो, आणि माझ्या मते बहुतेक संस्थांपुरता तो डेबियनच्या बाजूने मिटतो.

तारखेपासून सुरुवात करू. सर्व्हर म्हणजे काही अगम्य यंत्र नव्हे. ऑफिसातल्या आठ-दहा कॉम्प्युटरांना ज्या एका कॉम्प्युटरमधून फाइली, खतावण्या, पुस्तकांची यादी, विद्यार्थ्यांचे दाखले मिळतात तो सर्व्हर. तो दिवसभर सगळ्यांसाठी दार उघडून बसलेला असतो, म्हणून त्याच्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये राहिलेली फट इतर कोणत्याही कॉम्प्युटरपेक्षा महागात पडते. अशा फटी दर महिन्याला सापडतात आणि त्यात बनवणाऱ्याची अब्रू जाण्यासारखे काही नाही. सापडलेली फट बुजवणारा कोणी जागेवर आहे का, एवढेच पाहायचे. प्रत्येक आवृत्तीला बनवणारे एक तारीख ठरवून देतात. ती उलटली की नव्या फटी सापडत राहतात, पण बुजवल्या जात नाहीत. यंत्र मात्र पूर्वीसारखेच चालते, पंखा फिरतो, हिरवा दिवा लागलेला असतो, त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचा जबडा उघडतो, कारण जनावराचे वय विकणाऱ्याच्या तोंडून कळत नसते, दातांवरून कळते. ऑपरेटिंग सिस्टिमचे दात म्हणजे ही तारीख. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असे म्हणून फुकटात खोड काढणाऱ्याला आपण गप्प बसवतो; सर्व्हरच्या बाबतीत मात्र ज्याने खोड काढली तोच शहाणा.

तारीख उलटल्याने किंवा दुरुस्ती न बसवल्याने काय होते याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातल्या विंडोज कॉम्प्युटरांना कुलूप घातले. तो ज्या फटीतून शिरला ती विंडोजच्या शेअर्ड फोल्डरच्या व्यवस्थेत होती. छोट्या ऑफिसात सर्वांत जास्त वापरली जाते ती नेमकी हीच सोय. फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ती पुष्कळांनी बसवलीच नव्हती, आणि ज्यांच्याकडे मुदत संपलेले एक्सपी किंवा सर्व्हर २००३ होते त्यांच्यासाठी ती हल्ला झाल्यावर घाईघाईने खुली करावी लागली. पुढे २७ जूनला नॉटपेट्या आला. त्याने मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचा कारभार बसवला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंपनीला सुमारे ४००० सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. हा प्रोग्राम मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.  ज्या फटींचा आधार घेऊन तो एका यंत्रातून दुसऱ्यात उड्या मारत गेला त्यांतली एक तीच मार्चमध्ये बुजवता आली असती अशी जुनी फट होती.

आता त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ लावू. तो कोरा असण्याची कारणे बहुधा दोनच असतात. पहिले म्हणजे साधे विंडोज १० किंवा ११ टाकून त्यालाच सर्व्हर म्हटलेले असते. त्याच्या परवान्यात एका वेळी वीसच यंत्रे जोडायची मुभा आहे, आणि विंडोज १० ची मुदत तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुसरे म्हणजे विंडोज सर्व्हर परवान्याशिवाय, क्रॅकसह ‘मारून’ दिलेले असते. क्रॅक चालवण्याच्या सूचनांत आधी अँटिव्हायरस बंद करा असे सांगितलेले असते. राखणदाराला सुट्टी देऊन मग अनोळखी माणसाला घरात घ्यायचे, असा हा प्रकार. असे विंडोज पुढे अपडेट करायला तंत्रज्ञच घाबरतो, कारण अपडेट केले आणि क्रॅक उघडा पडला तर फोन त्यालाच येणार. म्हणजे कागदावर तारीख २०३१ ची असली तरी प्रत्यक्षात ती बसवल्याच्या दिवशीच संपलेली असते. माझ्या दृष्टीने छोट्या संस्थेपुढच्या सगळ्या पर्यायांत हा सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि तो सर्वांत जास्त निवडला जातो तो केवळ ठरावात त्याचे नाव लिहावे लागत नाही म्हणून.

खरे विंडोज सर्व्हर घेणाऱ्याशी माझे भांडण नाही. उलट तारखेचा निकष लावायचा तर कोणी म्हणेल की विंडोजच जिंकते, आणि हा आक्षेप बिनतोड आहे. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक सर्व्हर आवृत्तीला साधारण दहा वर्षे देते आणि दिलेली तारीख पाळते. सर्व्हर २०१२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ ला संपली, २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला संपते, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ ला, २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१ ला. हे सगळे आधीपासून जाहीर आहे. अडचण येते ती पैशाची. परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो आणि यंत्रात चारच कोअर असले तरी किमान सोळांचे पैसे भरावे लागतात. २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीची जाहीर किंमत १०६९ डॉलर होती, म्हणजे रुपयांत नव्वद हजारांच्या आसपास. आपल्याकडचा भाव विक्रेत्यागणिक बदलतो. त्यावर सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा यंत्रासाठी कॅल नावाचा वेगळा परवाना. पंचवीस माणसांपर्यंतच्या संस्थेसाठी एसेन्शियल्स नावाची स्वस्त आवृत्ती असते आणि तिला कॅल लागत नाहीत, पण ती यंत्राबरोबरच घ्यावी लागते. दहा वर्षांनी हाच खर्च पुन्हा, आणि तोवर यंत्रही बदललेले. ज्या संस्थेची ऐपत आहे, गरज आहे, तिने तो जरूर करावा. ज्या वाचनालयाचे अनुदान हप्त्याने येते आणि आलेले आधी ग्रंथपालाच्या पगारात जाते, त्याने तेवढे पैसे परवान्यात घालून देखभालीला काही न ठेवणे मला पटत नाही.

मग फुकटचे लिनक्स घ्या, असा सल्ला लगेच मिळतो, आणि तो देणाऱ्यांनीही दात मोजायला शिकले पाहिजे. सेंटओएस हे त्याचे उदाहरण. रेड हॅट कंपनीच्या महागड्या लिनक्सची जवळपास तंतोतंत पण विनामूल्य आवृत्ती म्हणून जगभरातल्या होस्टिंगवाल्यांनी, महाविद्यालयांनी, छोट्या कंपन्यांनी ती डोळे मिटून घेतली होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे सांगितले गेले होते. ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केले की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होईल. ज्यांनी त्याच वर्षी मोठ्या कष्टाने सातवरून आठवर उडी मारली होती त्यांची सातहून जास्त वर्षे एका घोषणेत गेली. सातवर थांबलेल्यांना मात्र ३० जून २०२४ पर्यंत मुदत मिळाली. आळशी माणूस फायद्यात राहिला असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात फारदा घडत नाही. कंपनीने कायद्याने काही चूक केले नाही. वस्तू तिची होती, पैसे कोणी दिले नव्हते, तिने धोरण बदलले. त्यातून निघालेल्या रॉकी आणि अल्मा या वारसांनी २०२१ मध्ये जागा भरून काढली, दहा वर्षांची हमीही दिली. पण जून २०२३ मध्ये रेड हॅटने मूळ सांकेतिक लिखाण सर्वांना सहज मिळण्याचा रस्ता आवळला आणि अल्माला तंतोतंत नक्कल करण्याचा हेतूच बदलावा लागला. ही दोन्ही चांगली लिनक्स आहेत. पण त्यांच्या तारखेची किल्ली अजूनही काही अंशी दुसऱ्याच्या खिशात आहे.

डेबियनच्या बाजूने माझे मत झुकते ते इथे. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीचा नाही. जगभरातले स्वयंसेवक-विकासक तो चालवतात, दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात, मोठे निर्णय ठराव मांडून घेतात; २०२३ ची त्यांची जागतिक परिषद कोचीत झाली होती. सहकारी संस्थेच्या कारभाराची सवय असलेल्या आपल्या लोकांना हा कारभार इतर कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा लवकर कळेल, त्यातल्या भांडणांसकट. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. तिला तीन वर्षे मुख्य गट दुरुस्त्या देतो, पुढची दोन वर्षे एक वेगळा गट देतो आणि त्याच्या कामाचा खर्च ज्या कंपन्यांना डेबियन लागते त्या उचलतात. एकूण पाच वर्षे. तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. त्या दिवशी नंदुरबारात जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका असतात, त्यामुळे निदान या जिल्ह्याला ती तारीख पाठ करावी लागणार नाही. तिची पाच वर्षे २०३० च्या जूनअखेर संपतात. पाच म्हणजे विंडोजच्या निम्मी, हे खरे. पण पाच वर्षांनी पुढची आवृत्ती त्याच यंत्रावर, आहे त्या फाइली जागेवर ठेवून, एकही रुपया परवान्यात न घालता चढवता येते. आणि पाच वर्षांत हार्ड डिस्कचाही भरवसा संपत आलेला असतो, त्यामुळे दोन्ही कामे एकाच सुट्टीत उरकता येतात. कोणा एका कंपनीच्या संचालक मंडळाने मधेच तारीख अलीकडे ओढावी अशी सोयच इथे नाही. डेबियनवरच उभे असलेले उबुंटू कोणाला जवळचे वाटत असेल तर त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यायला हरकत नाही. तीही पाच वर्षे चालते आणि हाताखाली शिकलेली मुले तिला जास्त ओळखतात. फक्त तिच्यामागे एक कंपनी आहे, एवढे माहीत असावे.

एवढा काथ्याकूट का करायचा, फाइलीच तर आहेत, असे म्हणणाऱ्याला या जिल्ह्याचीच आठवण द्यावी लागेल. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. त्यानंतरच्या वर्षांत तो क्रमांक झिरपत झिरपत प्रत्येक छोट्या संस्थेच्या कपाटात आणि मग कॉम्प्युटरात गेला. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या जिल्ह्यात ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. म्हणजे एखाद्या आश्रमशाळेच्या संस्थेकडे मुलाचे आधार, पालकांचे बँक खाते, जातीचा दाखला, जात पडताळणीचे कागद, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सगळे एका फोल्डरमध्ये, मुलाच्या नावाने, स्कॅन करून ठेवलेले असते. तेवढ्या कागदांवर कोणाच्याही नावाने कर्ज काढण्याचा प्रयत्न करता येतो. धडगाव किंवा मोलगीच्या बाजूच्या पाड्यावरचा बाप आपल्या नावाचा गैरवापर झाला आहे हे कळेपर्यंत किती हप्ते थकलेले असतील याचा विचार संचालकांनी करावा. कायदाही आता गप्प राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ल्याची माहिती कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. क्रॅक मारलेल्या सर्व्हरची संस्था सहा तासांत कोणाला काय कळवणार?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप माणसाचा आहे. नंदुरबारात लिनक्स जाणणारा मिळतो कुठे? एमएस-सीआयटीपासून सगळे विंडोजवर शिकलेले, दुकानातला पोऱ्या विंडोज जाणतो, आणि सर्व्हर बंद पडला तर नाशिकहून माणूस येईपर्यंत दोन दिवस जातात. हा आक्षेप अर्धा खरा आहे. विंडोज वापरता येणे आणि विंडोज सर्व्हर सांभाळता येणे यांत तेवढेच अंतर आहे जेवढे मोटारसायकल चालवण्यात आणि इंजिन खोलण्यात. फॉरमॅट मारून देणारा प्रत्येक तालुक्याला आहे. वापरकर्त्यांचे हक्क नीट लावणारा, अपडेट तपासणारा, बॅकअप परत आणून दाखवणारा मात्र विंडोजसाठीही धुळ्याला किंवा सुरतेलाच शोधावा लागतो. बाहेरूनच सांभाळायचे असेल तर लिनक्सचा एक मोठा फायदा आहे, आणि तो डोंगराळ भागात जास्त जाणवतो. त्याचा सगळा कारभार अक्षरांच्या ओळींनी चालतो. मोबाइलच्या रडतखडत चालणाऱ्या रेंजवरही दूरचा माणूस सुरक्षित वाहिनीतून आत येऊन चार आज्ञा देऊ शकतो. पडद्याचे आख्खे चित्र ओढून आणणाऱ्या रिमोट डेस्कटॉपला ती रेंज पुरत नाही, शिवाय इंटरनेटवर उघडे ठेवलेले रिमोट डेस्कटॉप हे खंडणीखोरांचे आवडते दार आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या रात्री आपोआप बसवायची सोय डेबियनमध्ये आहे आणि ती एकदा लावली की महिन्याच्या देखभालीचे निम्मे काम संपते. नंदुरबारला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शहाद्याला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणारी मुले पुण्याला जाऊन हेच काम करतात. दहा संस्थांनी मिळून वर्षाचा करार दिला तर त्यांतल्या एखाद्याला इथेच राहणे परवडेल. आज कोणी देत नाही, कारण ‘फुकटच्या’ सिस्टिमसाठी पैसे कशाला, हा प्रश्न ऑडिटरच्या आधी चेअरमनच विचारतात.

दुसरा आक्षेप टॅलीचा आणि फॉन्टचा. टॅली विंडोजवर चालते, पतसंस्थेचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, जुनी पत्रे श्री-लिपीत किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये आहेत. मग लिनक्स आणून काय करायचे? इथे टेबलावरचा कॉम्प्युटर आणि कोपऱ्यातला सर्व्हर यांची गल्लत होते. हिशेबनिसाच्या टेबलावर विंडोज राहू द्या, त्यावर टॅली राहू द्या. सर्व्हरला फक्त फाइली सांभाळायच्या आहेत आणि टॅलीचा रोजचा बॅकअप घ्यायचा आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या सॉफ्टवेअरमुळे लिनक्स सर्व्हरवरचा फोल्डर विंडोजवाल्याला अगदी नेहमीच्या शेअर्ड फोल्डरसारखाच दिसतो; पलीकडे काय आहे हे त्याला कळतही नाही. पत्र कोणत्या फॉन्टमध्ये आहे याच्याशी सर्व्हरला देणेघेणे नसते. जुन्या फॉन्टमधली पत्रे युनिकोडमध्ये आणायला हवीत हे खरेच, पण ते दुखणे वेगळे आहे. वाचनालयाचे तर उलटेच आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी बनलेले आणि जानेवारी २००० पासून वापरात असलेले कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर डेबियनवरच सर्वांत सुखाने नांदते. अपवाद एकच, आणि तो मी मान्य करतो. ज्या पतसंस्थेचा सॉफ्टवेअरवाला लेखी सांगतो की आमचे सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हरवरच चालेल आणि इतरत्र चालवल्यास आम्ही जबाबदार नाही, तिने हट्ट न करता खरा परवाना विकत घ्यावा. ठेवीदारांच्या पैशाशी प्रयोग करू नयेत. मात्र हे म्हणणे लेखीच घ्यावे. तोंडी सांगणारे पुष्कळ असतात.

तिसरा आक्षेप असा की सर्व्हर हवाच कशाला, सगळे क्लाउडवर टाका. काही संस्थांपुरते हे बरोबर आहे आणि त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. केंद्र सरकारने २९ जून २०२२ ला प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; ६३ हजार संस्थांना एकच सामायिक सॉफ्टवेअर, माहिती मध्यवर्ती ठिकाणी. ज्या विविध कार्यकारी सोसायट्या आणि आदिवासी विविध कार्यकारी संस्था या योजनेत आहेत त्यांचा त्या कामापुरता सर्व्हरचा प्रश्न दिल्लीतच सुटला आहे. पाच माणसांच्या संस्थेलाही स्वतःचा सर्व्हर बाळगण्यात अर्थ नाही. पण वीस-पंचवीस कर्मचारी, हजारो स्कॅन केलेले कागद, आणि फायबर तुटली की दिवसभर वाट पाहावी लागेल अशी जागा असेल, तर स्थानिक सर्व्हरला पर्याय नाही. शिवाय क्लाउडचे भाडे महिन्याचे असते आणि अनुदान महिन्याचे नसते. अनुदान रखडले म्हणून भाडे थकले तर आपलेच कागद आपल्याला दिसेनासे होतात. आणि जी संस्था क्लाउडवर स्वतःचे यंत्र भाड्याने घेते तिला कोणती ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारला जातो. तिथेही सेंटओएससारखी फसगत होऊ शकतेच.

लिनक्सवाल्यांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे, कारण आमच्याकडे व्हायरस येत नाही हे त्यांचे पालुपद धोकादायक आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार राष्ट्रीय जाळ्यापासून काही काळ तोडावे लागले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालाने शिरकावाची जागा दाखवली ती एका सेवा पुरवठादाराचा नीट न बांधलेला जेनकिन्स सर्व्हर. जेनकिन्स मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, आणि त्यातली ती फट बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी जानेवारीत आलेली होती. पुन्हा तेच. दुरुस्ती होती, बसवणारा नव्हता. नॉटपेट्याने तर अपडेट केलेली यंत्रेही पाडली, कारण शेजारच्या यंत्रातून त्याने पासवर्ड चोरले होते. म्हणून तारीख आणि माणूस यांच्या जोडीला जाळ्यापासून तोडून ठेवलेला बॅकअप लागतोच. मर्स्कला तो नशिबाने मिळाला. त्यांच्या सगळ्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. घानामधला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती. लाइट जाण्याचा असा फायदा नंदुरबार जिल्ह्यातल्या संस्थांना रोज मिळत असला तरी त्यावर विसंबू नये. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात, आठवड्याआड बदलाव्यात, जी वापरात नाही ती वायर काढून तिजोरीत ठेवावी.

राहता राहिला पैशाचा हिशेब. परवान्यात वाचलेली रक्कम इमारतीच्या रंगकामात जाणार असेल तर डेबियन घेऊन काही उपयोग नाही. ती पाच वर्षांत वाटून देखभालीच्या कराराला दिली पाहिजे, आणि त्या करारात दर तीन महिन्यांनी काय तपासणार हे लिहिलेले हवे. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तिथे अंदाजपत्रकात ही ओळ घालून घेता येते. ज्यांच्याकडे सर्व्हर २०१६ आहे त्यांनी १२ जानेवारी २०२७ ही तारीख समोर ठेवून बदल दिवाळीच्या सुट्टीत करावा. मार्चअखेरीला किंवा ऑडिट चालू असताना सर्व्हरला हात लावणारा तंत्रज्ञ स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो. नवा सर्व्हर सुरू झाल्यावरही बिल लगेच पूर्ण देऊ नये. सचिवांनी आपल्या हाताने एक फाइल पुसावी, तिजोरीतली हार्ड डिस्क काढून द्यावी आणि ती फाइल डोळ्यांदेखत परत आली की मगच शेवटच्या हप्त्याचा चेक फाडावा.